हात विणतात, पण मन भरकटते: विणकामाने अस्वस्थता खरोखर कमी होते का?

सातरस्ता (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात राहते, वय ३६, आणि एका खासगी कार्यालयात हिशेब तपासण्याचे काम करते. गेल्या दीड वर्षापासून मला अस्वस्थतेचा त्रास आहे. रात्री दिवा मालवला की दिवसभरात कुठला आकडा चुकला असेल, उद्या कोण काय विचारेल, आईच्या तपासणीचा अहवाल कसा येईल, असे एकामागून एक सुरू होते आणि छातीत धडधडू लागून मी उठून बसते. दोनदा तर श्वास अपुरा पडतो आहे असे वाटून घरच्यांनी मला रात्रीच रुग्णालयात नेले. दोन्ही वेळा हृदयाचा आलेख व्यवस्थित निघाला. त्यानंतर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागले, त्यांनी दिलेले औषध नियमित घेते आणि पूर्वीपेक्षा बरी आहे. हे आधीच सांगते, कारण औषध सोडून विणकाम करावे का, असा माझा प्रश्न नाही.

हाताला काही काम ठेवा, असे डॉक्टरांनीच सुचवले. लहानपणी आत्याने मला क्रोशा शिकवला होता, म्हणून नव्या पेठेतून सुती दोरा आणि सुई आणली. (मे महिन्यातल्या सोलापुरात लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसण्याची कल्पनाच करवत नाही.) पहिले दोन आठवडे फार छान गेले. साखळी, मुका खांब, खांब हे क्रोशाचे सगळे टाके बोटांना आठवत गेले आणि तेवढा वेळ डोके खरोखर शांत राहिले. अडचण त्यानंतर सुरू झाली. आता हात आपोआप चालतात आणि मन पुन्हा आपल्या जुन्या वाटेने जाते. किंबहुना एका जागी बसल्यामुळे चिंतेला अधिकच निवांतपणा मिळतो की काय, अशी शंका येते. परवा हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना कुर्डुवाडीला विणायला घेतले. दौंड आले तेव्हा हातात वीतभर पट्टी तयार होती, पण ती विणल्याचे मला काहीच आठवत नव्हते. आठवत होता तो फक्त आमच्या साहेबांशी मनातल्या मनात झालेला वाद.

दुसरी गोष्ट, एखादा खांब चुकला की मला राहवत नाही. सध्या एक टेबलावरचे आच्छादन करते आहे, त्याची एकच ओळ मी तीन वेळा उसवली आहे. हे काम मला मानवत नाही असे समजावे, की दुसरा एखादा प्रकार करून पाहावा? हे गावच विणकरांचे असल्यामुळे इथे जाणकार भेटतील, या आशेने विचारते आहे.

पूर्वभागकर

ताई, तुमचे काही बिघडलेले नाही. तुमचे हात काम शिकले, एवढेच झाले आहे.

माझे वडील आणि आजोबा सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर बसत. आमच्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरांत मुलांना अक्षरओळख होण्याआधी कांडी (आडव्या सुताची नळी) भरता येत असे. मी पुढे शिक्षक झालो आणि आता निवृत्त आहे, पण दहावीपर्यंत रोज संध्याकाळी रहाटावर कांड्या भरल्या आहेत. मागावर बसलेल्या माणसाचे पाय पावड्यांवर असतात, एका हाताने आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढायची असते आणि दुसऱ्या हाताने फणी ठोकायची असते. नवख्याला हे चार अवयव जुळवतानाच घाम फुटतो. वर्षभराने मात्र तोच माणूस विणता विणता गप्पा मारतो, भजन म्हणतो, मुलांवर ओरडतो आणि सावकाराचीही चिंता करतो. हात तयार झाले की मन मोकळे होणारच, आणि मोकळे मन कुठे जाईल याची हमी कुठलाही माग देत नाही.

तरीही माझे आजोबा तासन्‌तास मागावर शांत असत, हे मी पाहिले आहे. त्याचे कारण मला कांडी भरताना समजले. सूत बोटांच्या चिमटीतून जात असते. डोळे मिटले तरी कुठे ते जाड आहे, कुठे पीळ सुटला आहे, कुठे गाठ आली आहे, हे बोटाला कळते. तुमचा दोरा बहुधा गुळगुळीत, चकचकीत, सारख्या जाडीचा असावा. तो दिसायला सुरेख असतो, पण त्यातून बोटांना बातमीच मिळत नाही. मग बोटे झोपतात आणि मन हिंडायला निघते.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की सुई बदलण्याआधी सूत बदलून पाहावे. आपल्या गावात साध्या, कोऱ्या सुताच्या लडी वजनावर मिळू शकतात. घेताना सुताचा नंबर विचारावा. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका तो नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. चादरीला जाड, कमी नंबराचे सूत लागते. तसले सूत घेऊन दोन-तीन पदर एकत्र केलेत, तर क्रोशाच्या सुईला चांगले चालेल. ते थोडे खरखरीत लागेल आणि दर हातभर अंतरावर काहीतरी वेगळे सांगेल. नजर तयार होणाऱ्या कापडावर ठेवण्याऐवजी लक्ष डाव्या हाताच्या चिमटीवर ठेवा, म्हणजे सूत जिथून येते तिथे.

जमल्यास टकळीही, म्हणजे सूत कातायची हातातली चाती, करून पाहा. वर्ध्याला १९३७ साली महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्याचा अवशेष म्हणून आमच्या शाळेत सूतकताईचा तास उरला होता. एका हाताने टकळी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, तार काढायची. ओढ जास्त झाली तर तार तुटते, कमी पडली तर पीळ चढून गुंता होतो. साहेबांशी वाद घालत टकळी चालवता येत नाही. निदान पहिले सहा महिने तरी येत नाही.

मागाचा आवाज

पूर्वभागकर काकांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांनी सांगितलेली सुताची गोष्ट मला पटली. तरीही एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते, कारण विणकाम म्हणजे मनःशांती असे कोणी म्हटले की आमच्या घरात हसू येते.

माझे वडील आयुष्यभर यंत्रमागावर होते. चादरीच्या जॅकार्ड मागावर नक्षी भोके पाडलेल्या पत्त्यांत असते. कुठला धागा वर उचलायचा हे पत्ता ठरवतो, आणि विणकराकडे राहते ते धागा कधी तुटतो यावर डोळा ठेवण्याचे काम. लक्ष पूर्ण लागलेले असते, पण ते पहारेकऱ्याचे लक्ष असते. त्या खडखडाटात वडिलांची श्रवणशक्ती गेली आणि रात्री झोपेतही ते दचकून उठत. आई विड्या वळत असे. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, तोंड मुडपणे, अशी तीच ती हालचाल दिवसभर चाले. हातांची लय म्हणाल तर याहून अधिक लयबद्ध काम नसेल. परंतु मजुरी हजार विड्यांवर मिळे, त्यातल्या किती खराब म्हणून बाजूला काढल्या जातील हे दुसऱ्याच्या हाती असे, आणि आईच्या मनाला त्या लयीतून शांती मिळाल्याचे मला तरी आठवत नाही.

त्यामुळे हाताची तीच ती हालचाल एवढ्यानेच मन निवते, हे मला मान्य नाही. हालचाल कोणासाठी आणि कोणत्या मुदतीत, हा प्रश्न त्याआधी येतो. ताई, थोडा आगाऊपणा वाटेल, पण विचारतो: तुमच्या त्या टेबलावरच्या आच्छादनाला काही तारीख ठरलेली आहे का?

समुपदेशिका

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. तुमचे उपचार सुरू आहेत, त्यामुळे इथे लिहिते ते पूरक म्हणून घ्यावे आणि पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना दाखवावे.

चिंता ही बहुतांशी पुढे घडू शकणाऱ्या गोष्टींची शब्दांत आणि चित्रांत चाललेली उजळणी असते. ती करण्यासाठी मेंदूला जी तात्पुरती जागा लागते, तिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात आणि ती फार मर्यादित असते. नवे काम शिकताना ही जागा त्या कामाने व्यापली जाते, म्हणून तुमचे पहिले दोन आठवडे शांत गेले. काम अंगवळणी पडल्यावर जागा रिकामी झाली आणि चिंता परत आली. हे अपेक्षितच आहे.

माझ्या मते तुमच्या त्रासात दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि दोन्हींना एकच विणकाम पुरणार नाही. धडधड वाढून श्वास अपुरा वाटतो, तेव्हा शरीर धोक्याच्या तयारीत असते. असा झटका साधारणपणे काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. त्या वेळी नक्षी मोजणे शक्य नसते आणि तसा प्रयत्नही करू नये. त्या वेळेसाठी नुसती साखळी ठेवावी, जिच्यातून काहीही बनवायचे नाही. साखळीचे चार टाके होईपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा टाके होईपर्यंत सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी मंदावते, त्यामुळे शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. झटका पळवून लावण्यासाठी हे करू नये; तो येऊन जाईपर्यंत हातांना एक मोजमाप असावे, एवढाच हेतू असावा.

रात्रीची किंवा रेल्वेतली चिंता निराळी असते. तिथे शरीर फारसे घाबरलेले नसते, मन मात्र तोच तो विषय दळत असते. अशा वेळी कामात किंचित अडचण हवी. इतरांना मी चौकटीच्या कागदावरून मोजून विणायची जाळीची नक्षी सुचवते, परंतु तुम्ही दिवसभर आकडेच तपासता. संध्याकाळी पुन्हा खांब मोजायला लागलात, तर कार्यालयच घरी आल्यासारखे होईल. तुमच्यासाठी पूर्वभागकरांचे खरखरीत सूत अधिक योग्य वाटते, कारण तिथे लक्ष संख्येवर नसून स्पर्शावर राहते.

वर्तमानात राहणे म्हणजे मन न भरकटणे, असा समज असेल तर तो सोडावा. मन भरकटणारच. ते भरकटले आहे हे लक्षात येण्याची जागा कामात असावी लागते, आणि विणकामात ती आयती मिळते: ओळ संपून काम पालटण्याची जागा. प्रत्येक वेळी काम पालटताना हात थांबवावेत, एक श्वास घ्यावा आणि मन कुठे होते त्याला एक साधे नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘साहेब’ किंवा ‘आईचा अहवाल’. त्यावर उत्तर शोधू नये. सूत पुन्हा बोटात घ्यावे आणि पुढची ओळ सुरू करावी. कुर्डुवाडी ते दौंड या प्रवासात तुम्ही तीस वेळा काम पालटले असेल, म्हणजे परत येण्याच्या तीस संधी होत्या. त्यातल्या पाच जरी हाती लागल्या, तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.

संशोधनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण समाजमाध्यमांवर याविषयी फार मोठे दावे केले जातात. सुयांवर विणणाऱ्या ३,५४५ व्यक्तींची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात, ते स्वतःला अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगतात, असे तीत आढळले. परंतु ही आवडीने विणणाऱ्यांनी स्वतःविषयी दिलेली माहिती होती. ज्यांना ते मानवले नाही, ते अशा पाहणीत येतच नाहीत. त्याआधी २००९ साली कॅनडात आहारविषयक मानसिक आजारासाठी रुग्णालयात असलेल्या ३८ स्त्रियांना विणकाम शिकवण्यात आले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणींनी भीतीची तीव्रता कमी झाल्याचे सांगितले. हेही उत्साहवर्धक आहे, पण गट लहान होता. त्यामुळे विणकाम हा आधार आहे असे मी म्हणेन, उपचार आहे असे म्हणणार नाही.

एक सावधगिरी आवर्जून सांगते. बैठकीला जायची भीती वाटते म्हणून घरी विणत बसणे, किंवा पिशवीत सुई नसेल तर बाहेर पडवतच नाही अशी स्थिती येणे, ही पळवाट झाली. ज्या प्रसंगाची भीती वाटते तिथे गेल्यानेच ती कमी होते. तसेच अंथरुणात विणू नये. खुर्चीत विणावे आणि झोप आली की अंथरुणावर जावे. मनगटाला त्रास होऊ नये म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी हात मोकळे करावेत.

हा धागा वाचणाऱ्या आणि अजून कोणाकडेही न गेलेल्या व्यक्तींसाठी: धडधड आणि अस्वस्थता थायरॉइडच्या विकारामुळेही होऊ शकते, म्हणून आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

वाकळ

मला शास्त्र कळत नाही, पण उसवण्याबद्दल थोडे लिहिते. तुमच्या या सवयीवर वाकळीइतका चांगला उपाय मला दुसरा माहीत नाही.

मी सासूबाईंकडून वाकळ शिवायला शिकले. जुनी लुगडी, धोतरे, फाटक्या चादरी एकावर एक अंथरायच्या आणि धावदोऱ्याने शिवत जायचे. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून आत आत येत मध्यावर संपवतात. जमिनीवर पसरलेल्या वाकळीच्या चार बाजूंना चौघी बसतात आणि प्रत्येकीचा टाका निराळा असतो. सासूबाईंचा टाका तांदळाएवढा, माझा सुरुवातीला शेंगदाण्याएवढा होता. मी माझी बाजू उसवायला घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, की ज्याला पांघरायची आहे तो अंधारात पांघरणार आहे. वाकळ कोणी उसवत नाही. टाका वाकडा गेला तर पुढचा टाका घालायचा.

शिवाय एक सोय अशी, की कापडाचे पदर जाड असल्यामुळे सुई प्रत्येक टाक्याला थोडी अडते. घाई केली तर बोटात शिरते. त्यामुळे हात आपोआप पळत नाहीत. आणि जुन्या लुगड्याचा तुकडा हाताखाली आला, की ते कोणी नेसले होते याची आठवण निघते. चौघी असतील तर गप्पा त्यावरच होतात. एकटीने बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा कोणासोबत तरी बसून पाहा, असे मी सुचवेन.

सातरस्ता

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी उत्तर देते आहे, कारण काही गोष्टी करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

‘मागाचा आवाज’ यांचा प्रश्न वाचला आणि मी बराच वेळ गप्प बसले. होय, तारीख होती. नणंदेच्या वास्तुशांतीला ते आच्छादन द्यायचे, असे मीच उत्साहाने सगळ्यांसमोर जाहीर केले होते, आणि तेव्हापासून रोज रात्री किती ओळी झाल्या, किती राहिल्या, याचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते. म्हणजे मी विणत नव्हते, तपासणी करत होते. नणंदेला सरळ सांगून टाकले, की आच्छादन वेळेत होणार नाही. ती म्हणाली, तिच्याकडे अजून टेबलच नाही.

आता पिशवीत फक्त साखळीचा एक गुंडा असतो. गेल्या आठवड्यात एकदा रात्री धडधड सुरू झाली, तेव्हा चार आणि सहाचे माप धरून खुर्चीत बसले. झटका आला, पण घरच्यांना उठवावे लागले नाही. काम पालटताना नाव देण्याचा प्रयोगही सुरू आहे. एका संध्याकाळी अकरा वेळा ‘साहेब’ आणि दोन वेळा ‘आईचा अहवाल’ असे निघाले. मोजू नये, हे ठाऊक आहे. मोजले गेले.

काकांनी सांगितल्याप्रमाणे कोऱ्या सुताची एक लडी आणली. ती गुंडाळायला दोन माणसे लागतात, हे मला माहीत नव्हते. आईने दोन्ही हातांवर लडी ताणून धरली आणि मी गुंडा करत गेले. मध्येच मोठा गुंता झाला, तो सोडवायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात आम्हा दोघींपैकी कोणीही अहवालाचा विषय काढला नाही. काकांना एक विचारायचे आहे: सूत हाताला तेलकट लागते आणि पाणी शोषत नाही. विणण्याआधी ते धुवावे का?

पूर्वभागकर

ताई, कोऱ्या सुतावर कापसाचा नैसर्गिक मेणचट थर असतो, म्हणून ते पाणी घेत नाही. गुंडा तसाच धुऊ नका, आतपर्यंत पाणी जाणार नाही. पुन्हा त्याची सैल लडी करा आणि तिला चार ठिकाणी दोऱ्याने ढिले बांधा, नाहीतर मागच्यापेक्षा मोठा गुंता होईल. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून मंद आचेवर तासभर उकळा, ढवळू नका, नुसती खालीवर करा. मग स्वच्छ पाण्यातून काढून, न पिळता, सावलीत काठीवर वाळत घाला. सूत थोडे आखडेल, ते आताच आखडलेले बरे. वाळल्यावर गुंडा करताना आईंना पुन्हा बसवा. मात्र या वेळी लडी तुम्ही धरा आणि गुंडा त्यांना करू द्या.